मोजलेली घंटा

जपानमधल्या बौद्ध मंदिरातल्या मोठ्या घंटेला लोलक नसतो. बाहेर आडवा टांगलेला लाकडी ओंडका मागे ओढायचा आणि तिच्या अंगावर सोडायचा. जड ठोका पडतो, तो विरतो, आणि त्यानंतरही बराच वेळ हवेत काहीतरी थरथरत राहते. तोशिरो मायुझुमी या संगीतकाराला नाद लागला तो या थरथरीचा. त्याने मंदिरांतल्या घंटांच्या आवाजाचे ध्वनिशास्त्राच्या पद्धतीने पृथक्करण केले, एकेका ठोक्यात कोणकोणते स्वर दडले आहेत ते शोधले आणि ते ऑर्केस्ट्रातल्या वाद्यांना वाटून दिले. १९५८ साली त्याची ‘निर्वाण सिम्फनी’ तोक्योत सादर झाली. तीन भागांत विभागलेला वाद्यमेळ, पुरुषांचा गायकवृंद, सूत्रपठणाच्या चालीवरचे गायन. तिच्यातल्या काही भागांची नावे मराठी वाचकाला परकी वाटू नयेत: शूरंगम, महाप्रज्ञापारमिता. घंटेचा नाद मात्र घंटेविना, बासऱ्या, शिंगे आणि तारांच्या गुंफणीतून उभा राहतो.

मग त्या घंटेत पवित्र काय होते? कांसे, देऊळ, ठोका देणारा भिक्षू, की कागदावर उतरवता येणारा स्वरांचा तक्ता?

हा प्रश्न मायुझुमीच्या आधीही जपानला पडला होता, आणि त्याचे उत्तर एकदा चक्क सरकारने दिले होते. एदो काळात फुके पंथाचे कोमुसो भिक्षू टोपलीसारखी टोपी चेहऱ्यावर पार हनुवटीपर्यंत ओढून, शाकुहाची ही बांबूची बासरी फुंकत भिक्षा मागत फिरत. त्यांच्या लेखी ते वाद्य नव्हतेच, धर्माचे साधन होते. बसून करायचे ते झाझेन, फुंकून करायचे ते सुईझेन. पंथात धनी गमावलेल्या सामुराईंचा भरणा होता, तेव्हा वैराग्य किती आणि सोय किती हे विचारायला जागा आहे. १८७१ मध्ये मेइजी सरकारने हा पंथच मोडीत काढला. कालपर्यंत धर्माचे साधन असलेला बांबू वाद्य म्हणून मैफलीत आला. बांबू तोच, श्वासही तोच.

जवळजवळ शंभर वर्षांनी तो न्यूयॉर्कला पोचला. ९ नोव्हेंबर १९६७ रोजी सेइजी ओझावाच्या संचालनाखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने तोरू ताकेमित्सूची ‘नोव्हेंबर स्टेप्स’ ही रचना पहिल्यांदा वाजवली. शाकुहाचीवर कात्सुया योकोयामा, बिवा या तंतुवाद्यावर किन्शी त्सुरुता. पूर्व आणि पश्चिम यांचा गोड मिलाफ ऐकायला आलेल्यांची बहुधा निराशा झाली असेल. ताकेमित्सूने दोन्हींना एकमेकांत मिसळू दिलेले नाही. ऑर्केस्ट्रा गप्प बसतो आणि ही दोन वाद्ये बराच वेळ एकटीच बोलत राहतात.

बिवाच्या तारेतून सुराबरोबर एक खरखर निघते. तिला ‘सावारी’ म्हणतात. या शब्दात स्पर्शाचा अर्थ आहे आणि अडथळ्याचाही, आणि ताकेमित्सूचे लक्ष अडथळ्याकडे गेले. वाद्य घडवणाऱ्याने नादाच्या वाटेत मुद्दाम अडचण घालून ठेवायची, हे त्याला विलक्षण वाटे. मिरजेचा कारागीर तानपुऱ्याची घोडी घासून जवारी काढतो, वादक तारेखाली दोरा सरकवून ती खुलवतो, तेव्हा तोही असाच काहीसा उद्योग करत असतो. सावारी आणि जवारी यांतले उच्चाराचे साम्य मोहात पाडणारे आहे. त्यावर व्युत्पत्तीचा इमला न रचलेला बरा. फरक जास्त बोलका आहे. आपल्याकडे जवारी सुराची चाकरी करते, त्याला भरदार करते. बिवात खरखर सुराच्या शेजारी, बरोबरीच्या मानाने बसते. आवाज शुद्ध केला म्हणजे तो देवाच्या जवळ जातो, हे गृहीतकच तिथे डळमळते.

गंमत म्हणजे ताकेमित्सूला हे सारे घरात सापडलेले नव्हते. १९४४ मध्ये चौदाव्या वर्षी त्याला लष्करी कामावर जुंपले होते. तिथे बांबूची सुई लावलेल्या ग्रामोफोनवर त्याने चोरून एक फ्रेंच गाणे ऐकले आणि संगीत म्हणजे पश्चिमेचे, हे मनात पक्के झाले. युद्धानंतर जपानी सूर ऐकला की युद्धच आठवे. पुढे त्याला आपल्या परंपरेकडे वळवण्यात मोठा वाटा होता जॉन केज या अमेरिकन संगीतकाराचा, जो डी. टी. सुझुकी या जपानी पंडिताची झेनवरची व्याख्याने न्यूयॉर्कमध्ये ऐकून घडला होता. केज १९६२ मध्ये जपानला आला तेव्हा तिथल्या संगीतविश्वाला असा हादरा बसला की त्याला ‘केज शॉक’ असे नावच पडले. जपानचे झेन अमेरिकेला वळसा घालून जपानला परतले. परंपरा आईच्या दुधाबरोबर येते असे मानणाऱ्यांची ही कहाणी थोडी पंचाईत करते. म्हणून प्रत्येक जपानी शांततेवर झेनची चिठ्ठी डकवण्याआधी जरा थांबलेले बरे.

तोक्योच्या योयोगी भागात २००० साली ‘ऑफ साइट’ नावाची एक लहानशी जागा सुरू झाली. तोशिमारू नाकामुरा तिथे मिक्सरचे आउटपुट त्याच मिक्सरच्या इनपुटला जोडून वाजवी. बाहेरचा आवाज आत नाहीच, यंत्र स्वतःचेच ऐकत गुणगुणत राही. साचिको एमच्या सॅम्पलरमध्ये साठवलेला एकही नाद नसे. यंत्र तपासण्यासाठी त्यात असलेली सरळ, बारीक शिट्टी, तेवढेच तिचे वाद्य. श्रोते श्वास रोखून बसत आणि मधल्या पोकळीत रस्त्यावरची वर्दळ ऐकू येई. इतक्या हळू आवाजाचे तत्त्वज्ञान पुढे बऱ्याच जणांनी लिहिले. पण तिथल्या वादकांना आवाज दाबूनच ठेवावा लागे. भिंती पातळ होत्या आणि पलीकडे शेजारी राहत होते.