पाणी चालवून बघ

श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीला दर शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. त्या बाजारात एक हेडी होता, गाव त्याला अण्णा म्हणायचं. बैलाची पारख करावी तर अण्णानंच. शिंगांना लावलेला ऑइलपेंट, कपाळावरचा गोंडा, पाठीवरची झूल यातल्या कशालाही तो भुलत नसे. ओठ वर करून दात बघायचा, आदत आहे की दुसा की चौसा ते सांगायचा आणि मग मालकाला म्हणायचा, "जरा चालवून दाखवा." चाल बघितल्याशिवाय सौद्यासाठी उपरण्याखाली त्यानं कधी कुणाचा हात धरला नाही.

अण्णाचं घर आजोबांच्या वेळचं. दोन फुटी भिंती, दगड आणि मातीच्या. मागच्या बाजूला, देवघराला लागून, आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद न्हाणी. खाली शहाबादी फरशी. या भागातल्या जुन्या घरात हीच फरशी दिसते. शहाबाद कर्नाटकात असलं तरी दौंडवरून सोलापूरमार्गे वाडीकडं जाणाऱ्या रेल्वेवरचंच गाव. अण्णाच्या न्हाणीतली फरशी काळपट झाली होती, सांध्यांत शेवाळ धरलं होतं, आणि ती वाकडी होती. दाराशी उंच, कोपऱ्यातल्या मोरीकडं खाली. मोरीतून निघालेलं पाणी भिंतीतल्या भोकातून परसातल्या अळूच्या वाफ्यात जायचं.

आईचं वय झालं होतं. गुडघे धरायचे, शेवाळावरून पाय सटकायचा. एकदा ती पडता पडता वाचली आणि अण्णानं ठरवलं, नवी न्हाणी करायची. गवंडी मिळेना, मिळाला तर मजुरी परवडेना. "आपण काय कमी आहोत?" अण्णा म्हणाला. बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला मुलगा मोबाईलवर चार व्हिडिओ बघून तयारच बसला होता.

पाडव्यानंतर काम निघालं. छिन्नी-हातोड्यानं फरशी उचकटली, एक मोठा शहाबादी दगड तेवढा अखंड निघाला, तो परसात ठेवला. मग बापलेक भीमा ओलांडून दौंडला गेले. दुकानात शिरल्या शिरल्या अण्णाचे डोळे दिपले. पांढरी, आरशासारखी टाइल, तिच्यावर निळसर रेघा. दुकानदार म्हणाला, "हॉलसाठी नेतात लोक ही." अण्णा म्हणाला, "मग आमच्या न्हाणीला का नको?" भाव ठरला, टेम्पो भरला. ज्या माणसानं उभ्या जन्मात रंग बघून बैल घेतला नव्हता, त्यानं रंग बघून फरशी घेतली. आपल्या धंद्यातलं शहाणपण आपण दुसऱ्याच्या धंद्यात सोबत नेत नाही, ही खोड एकट्या अण्णाची नाही.

काम मात्र त्यानं मन लावून केलं. परसाकडची सोडून बाकीच्या मातीच्या भिंती खरवडल्या, त्यांच्यावर सिमेंटचा जाड गिलावा चढवला आणि टाइल लावली. खाली रेती-सिमेंट पसरून फरशी बसवली. प्रत्येक टाइलवर पाणसळ ठेवायची, बुडबुडा बरोबर मध्ये आला की मगच पुढची. मुलगा कंटाळला तरी अण्णानं सोडलं नाही. शेवटची टाइल बसली तेव्हा तो दारात उभा राहून म्हणाला, "बघ आई, आजोबांची फरशी कशी वाकडी होती. ही बघ, एका सुताचा फरक नाही."

आईनं फरशीकडं बघितलं, काही बोलली नाही.

पहिल्याच सकाळी पाणी जागच्या जागी उभं राहिलं. मोरीकडं थोडं गेलं, दाराकडं थोडं आलं, उरलेलं मध्येच थांबलं. अण्णानं खराटा आणला. मग रोज अंघोळीनंतर खराटा. बोअरचं पाणी जड, ते सुकलं की चकचकीत टाइलवर पांढरे डाग. साबणाचा थेंब पडला की त्या टाइलवर तरण्या माणसाचाही पाय ठरेना. वाकाचा ट्रॅप न बसवता सरळ पाइप टाकल्यामुळं जाळीतून झुरळं आणि वास, दोन्ही आत. पावसाळा लागला तसा देवघराच्या भिंतीचा चुना फुगला आणि पोपडे गळून देवांवर पडायला लागले. आई केव्हाच परसात जाऊन त्या शहाबादी दगडावर अंघोळ करायला लागली होती, साडीचा आडोसा बांधून.

अण्णाला राग आला. "एवढा खर्च केला तुझ्यासाठी, आणि तू उघड्यावर?"

आई केस पुसत म्हणाली, "बाजारात बैल चालवून बघतोस ना रे? मग फरशीवर पाणी चालवून बघितलंस का?"

अण्णा गप्प झाला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घेऊन आला. मिस्त्रींनी आता थापी सोडली होती, पण नजर शाबूत होती. टाइल कुठली, केवढ्याला, हे त्यांनी विचारलंच नाही. दाराशी उकिडवे बसले आणि तांब्याभर पाणी हळूच ओतलं. पाणी पसरलं आणि थांबलं. मिस्त्री बघत राहिले.

"अण्णा, पाणसळ लावली होती का?"

"लावली ना. एकदम लेव्हल आहे."

"तेच चुकलं. न्हाणी लेव्हलमध्ये करत नाहीत. फुटाला दोन सूत उतार. इथं दारापासून मोरीपर्यंत आठ फूट, म्हणजे सोळा सूत, दोन इंच. तुमच्या आजोबांच्या फरशीचा उतार कधी मोजला होता का?"

मोजायला फरशी राहिलीच नव्हती. पण परसाकडच्या भिंतीवर जुन्या फरशीची कड जिथं टेकत होती, तिथं काळी रेघ अजून होती. मुलानं टेप लावला. रेघ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं उतरत गेली होती, जवळजवळ दोन इंच.

भिंतीचंही मिस्त्रींनी तिथंच सांगितलं. मातीची भिंत ओल पिते आणि वाऱ्यावर सोडते. तिच्या एका अंगाला सिमेंट लिंपलं की ओलीची वाट बंद होते, मग ती दुसऱ्या अंगानं निघते. इथं दुसरं अंग देवघराचं. फरशीवर पाणी तुंबून सांध्यांतून भिंतीच्या पायात मुरत होतं, ते निराळंच.

पाऊस संपल्यावर काम पुन्हा निघालं. हातच अण्णाचे आणि मुलाचे, मिस्त्री बाजेवर बसून सांगणार. फरशी फोडली. नहाणी ट्रॅप बसवला, त्याच्या वाकात पाणी साचून राहतं म्हणून वास आणि किडे वर येत नाहीत. विटांच्या तुकड्यांचा कोबा केला, भिंतीवर फूटभर चढवून वॉटरप्रूफिंग केलं. मग मोरीचं तोंड बंद करून न्हाणीत पाणी भरलं आणि तीन दिवस तसंच ठेवलं. मुलगा रोज देवघराच्या भिंतीला हात लावून यायचा. तिसऱ्या दिवशीही भिंत कोरडी होती, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "आता टाइल आणा. खरखरीत." देवघराकडचा फुगलेला गिलावा खरवडून तिथं चुन्याचा केला. बाहेर पाण्यासाठी शोषखड्डा काढला, अळूचा वाफा मात्र आईनं हलवू दिला नाही.

एक काम मात्र कोबा घालायच्या आधीच ठरवायचं होतं. आधारासाठी दांडी लावायची होती. व्हिडिओत दांडी टाइलवर स्क्रूनं बसवतात. इथं ड्रिल मारलं तर दगडाच्या सांध्यातली माती भुरभुर गळली, स्क्रू हातात आला. मिस्त्रींनी ते आधीच ओळखून कोब्यातच जीआय पाइप रोवायला जागा ठेवायला सांगितली होती, वर लाकडी तुळईला पट्टीनं धरायचा. पण जागा कुठली? अण्णानं भिंतीवर अडीच फुटांवर खूण केली होती. आई म्हणाली, "थांब." ती आत गेली, कोरड्यात बादलीशी वाकली, उठली, वळली. उठताना तिचा डावा हात आपोआप जिथं गेला तिथं मुलानं खडूनं खूण केली. अण्णाच्या खुणेपासून ती चांगली हातभर लांब होती. पाइप तिथं उभा राहिला.

विजेचं काम अण्णानं स्वतः केलं नाही, ते बरं केलं. गिझरला अर्थिंग आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच बसवायला परवानाधारक वायरमन बोलावला. फरशी चुकली तर पुन्हा फोडता येते, वीज चुकली तर दुसरी संधी नाही. गॅसचा गिझर तर त्यानं न्हाणीत घेतलाच नाही, कारण बंद न्हाणीत त्याच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आई आता आतच अंघोळ करते. परसातला शहाबादी दगड भांडी घासायला झाला. बाजारात अण्णाला कुणी विचारलं की घरच्या घरी न्हाणी करायला काय लागतं, तर तो सामानाची यादी सांगत नाही. म्हणतो, आधी जुन्या फरशीवर तांब्याभर पाणी ओत आणि ते कुठं जातं ते बघून ठेव, मग छिन्नी उचल.

तुमच्या घरी जुनी न्हाणी असेल आणि हाताला हौस असेल, तर काम जरूर स्वतः काढा, पण पावसाळा सोडून काढा. आणि टाइलच्या दुकानात जाण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला कोरड्या न्हाणीत एकदा वाकायला आणि उठायला सांगा, हात कुठं जातो तिथं खूण करून ठेवा.