हजेरीपटावरचा न्याय

एकाच संस्थेत काम करणाऱ्या सर्वांना हजेरीचा नियम एकच असावा, की विभागागणिक तो वेगळा असावा? प्रश्न व्यवस्थापनाचा वाटतो, म्हणून आपण तो कारकुनाच्या टेबलावर सोडून देतो. वस्तुतः तो न्यायाचा प्रश्न आहे. ज्याचे त्याला द्यावे, ही न्यायाची जुनी व्याख्या इथे महिन्याच्या पगारात उतरते. आपल्यापैकी कित्येक जण शाळा, दवाखाने, पतपेढ्या यांच्या कार्यकारिणीवर आहेत आणि कित्येक जण तिथे नोकरीस आहेत. दोन्ही बाजूंनी एकच वाक्य ऐकू येते : ‘नियम सर्वांना सारखा हवा.’

एखाद्या रुग्णालयाचे उदाहरण घ्या. सकाळी आठच्या पाळीची सिस्टर वीस मिनिटे उशिरा आली, तर रात्रपाळीच्या सिस्टरला घरी जाता येत नाही. कोणाला कोणते औषध दिले, कोणाचा ताप चढला, कोणाचे सलाईन संपत आले, हे सोपविल्यावाचून ती वॉर्ड सोडू शकत नाही. रात्रभर जागलेल्या बाईची वीस मिनिटे दुसरीच्या उशिरापायी खर्ची पडतात. तिथेच वरच्या मजल्यावरचा हिशेबनीस वीस मिनिटे उशिरा आला, तर त्याची वही मुकाट्याने त्याची वाट पाहते. संध्याकाळी तितकाच वेळ अधिक बसून तो काम पुरे करतो. घड्याळाने दोन्ही उशीर सारखेच. पण विचारायचे ते हे की, उशिराचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडले? या प्रश्नाची उत्तरे जिथे भिन्न, तिथे नियमही भिन्न असणे हाच न्याय.

यात नवे काही नाही. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची पट्टी वापरीत; दगडाच्या आकाराप्रमाणे ती वाके. सरसकट नियम जिथे अपुरा पडतो तिथे न्याय कसा करावा, हे सांगताना ॲरिस्टॉटलने तिचा दाखला दिला आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी अशा तारतम्याला सद्गुणच मानले : ठेव परत करावी हा नियम खरा, पण वेड्याची तलवार त्याच्या वेडाच्या भरात परत करू नये. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात, खाणीत राबणाऱ्यांचे तास त्यांच्या कष्टांच्या मानाने कमी असावेत आणि ऋतुमानाचाही विचार व्हावा, असे स्पष्ट म्हटले होते.

परंतु हे तारतम्य प्रत्यक्षात कुठे झिरपते, ते पाहा. सवलत वरच्या मजल्यावर थांबते आणि काटेकोरपणा तेवढा खाली उतरतो. वॉर्डातल्या मावशीचा अंगठा यंत्रावर आठ वाजून पाच मिनिटांनंतर उमटला की लेट मार्क. तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार गेला. दर वेळी दहा मिनिटे धरली, तर अर्ध्या तासाच्या उशिराला चार तासांच्या पगाराची शिक्षा! विरारची गाडी कोणाच्या हातात असते? जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि वसई-विरारदरम्यानच्या गाड्या बंद पडल्या, तेव्हा यंत्राला पाऊस दिसला नव्हता. जितका काळ गैरहजेरी, तितक्याच प्रमाणात कपात, हे तत्त्व आपल्याकडे १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात आले आणि २०१९ च्या वेतन संहितेतही कायम राहिले. आठपट कपातीचे समर्थन मला तरी सापडत नाही.

ज्या कामाला काटेकोर वेळ हवी, त्या वेळेची किंमत संस्थेनेही मोजली पाहिजे. पाळी बदलताना कामाची माहिती देण्याघेण्यात जाणारी पंधरा मिनिटे कामाचीच समजून त्यांचा पगार द्यावा. पाळ्यांचा तक्ता पुरेसा आधी लावावा, म्हणजे घरच्या आजाऱ्याची व्यवस्था करता येते. दोघी सिस्टर आपसांत पाळी बदलून घेत असतील, तर मुख्य सिस्टरच्या संमतीने बदलू द्यावी. खोळंबलेल्या रात्रपाळीवालीचा जादा वेळ तिच्या खात्यावर जमा व्हावा. नुसता धाक आणि वर तुटपुंजा पगार, हा सौदा एकतर्फी आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही : तारतम्याची खिडकी उघडली की तीतून वशिला आत शिरतो. खरेच शिरतो. म्हणून सवलत कामाला असावी, माणसाला नव्हे. आणि ती का, हे सर्वांसमक्ष सांगितलेले असावे. द्राक्षमळ्याच्या दाखल्याचा आधार घेऊन ‘आमची मर्जी’ म्हणणारे विश्वस्त मला भेटले आहेत. त्या मालकाने उशिरा आलेल्यांना स्वतःच्या थैलीतून अधिक दिले आणि आधी आलेल्यांना ठरलेला दिनार पुरा दिला. कोणाचे कापले नाही.

हेच माप वर नेऊन पाहा. (मिस्सा उशिरा सुरू करणारे धर्मगुरूही त्यातून सुटत नाहीत, हे जाणून लिहितो.) बाह्यरुग्ण विभागात चाळीस रुग्ण बसले आहेत आणि डॉक्टरसाहेब अर्धा तास उशिरा येतात. चाळीस जणांचे मिळून वीस तास गेले. त्यांत रोजंदारी बुडवून आलेले आहेत, तापाने फणफणलेली मुले आहेत. संपूर्ण रुग्णालयात त्या सकाळी सर्वांत महाग पडलेला उशीर हाच असतो. आणि त्यांच्या नावाचा रकाना पुष्कळदा मस्टरमध्ये नसतोच.