दुसऱ्यांदा हाती धरलेला कुंचला

रॉबर्ट गिल हा मद्रासच्या फौजेतला अधिकारी. 1844 साली कंपनी सरकारनं त्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं आणि आयुष्याची पुढची बहुतेक वर्षं त्यानं या डोंगराच्या आसऱ्यानंच काढली. नकला करणारा कसला आलाय कलावंत, असं कुणी म्हणेल. त्यानं पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर घटकाभर उभं राहावं. बोटांत अलगद धरलेलं निळं कमळ, खाली झुकलेली नजर. गिलावा जागोजागी सुटलेला, आत अंधार. इथली रेघ आधी उमजावी लागते, मगच ती कॅनव्हासवर तैलरंगात उतरते. हे उमजणं हीच चित्रकला, असं मी ठामपणे म्हणेन.

तो साहेबाच्या हुकमाचा ताबेदार होता, चित्रं विलायतेला गेली, हा आक्षेप खराच आहे आणि तो सल राहणारच. पण 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथं मांडलेली त्याची बहुतेक चित्रं जळाली. नुसता ताबेदार तिथंच थांबला असता. साठी ओलांडलेला गिल मात्र पुन्हा कुंचला घेऊन त्याच काळोखात शिरला. 1879 साली तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे.