दुखणं लिहून ठेवावं का?

अर्धशिशी हा शब्द मला मायग्रेनपेक्षा बरा वाटतो. जे होतं तेच तो सांगतो. तसं पाहिलं तर मायग्रेन हा शब्दही मूळ ग्रीकमधल्या ‘अर्धी कवटी’ अशा अर्थाच्या शब्दावरूनच आलाय, आणि आयुर्वेदात याला अर्धावभेदक म्हणतात. कुठली कुठली माणसं, पण खूण सगळ्यांना एकच पटली. माझ्या लहानपणी बायका सूर्य उगवायच्या आत अर्धशिशी उतरवून घ्यायला जायच्या. मी जांबोटीहून बस धरून बेळगावला डॉक्टरांकडे जाते.

डॉक्टर म्हणाले, तीन महिने नोंद ठेवा. किती दिवस दुखलं, किती तास, गोळ्या किती. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस असं काही महिने घेत राहिलं, तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. ट्रिप्टान जातीच्या गोळ्या असतील तर ही मर्यादा १० दिवसांची. आठवणीवर सांगायला गेलं की गोळ्या नेहमी कमीच आठवतात, हा माझाही अनुभव. बेंगळुरूला माझी भाची अशी मोबाईलची अ‍ॅपं आखायच्या कामात आहे. तिनं एक अ‍ॅप शोधून माझ्या फोनवर घालून दिलं.

पहिल्याच खेपेला फजिती झाली. उजेड सोसत नाही म्हणून मी खिडकीला चादर लावून पडलेली. अ‍ॅप उघडलं तर पांढराफेक पडदा, टॉर्च डोळ्यावर मारल्यासारखा. त्यावर मुंगीएवढी अक्षरं, तीही इंग्रजीत. ठणका ० ते १० मध्ये किती? कुठल्या बाजूला? मळमळ आहे का? चौथ्या प्रश्नाला मी फोन उशीखाली सारला. दुसऱ्या दिवशी भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, “मावशी, हे ज्यानं आखलंय त्याचं डोकं कधी दुखलं नसणार.” तिच्या मते अशा वेळी काळा पडदा हवा, एकच मोठं बटण हवं, ‘सुरू झालं’ एवढंच सांगणारं. बाकीचं डोकं उतरल्यावर, दोन दिवसांनी भरलं तरी चालावं. मला हे नुसतं सोयीचं वाटलं नाही. दुखणाऱ्याला कधी विचारायचं आणि कधी गप्प बसायचं, हे आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्यालाही कळावं लागतं.

पुढं कारणांची यादी होती. रेड वाईन, चीज, चॉकलेट. मिरचीच्या फोडणीचा ठसका नाही, बंबाचा धूर नाही, वरातीचा डीजे नाही. माझ्या कामाचं एकच सापडलं, ‘जेवण चुकलं’. तिथं माझं बोट थांबलं. त्या दिवशी चतुर्दशी होती. माझं जेवण चुकलं नव्हतं, मी ते सोडलं होतं. चुकणं आणि सोडणं यांत आमचा सगळा धर्म आहे. पण ‘उपवास’ असं खोकं तिथं नव्हतं, म्हणून चुकलं यावरच खूण केली. आपण केलेल्या व्रताची नोंद आपणच चूक म्हणून केली, हे कितीतरी दिवस टोचत राहिलं.

त्याहून मोठी टोचणी वेगळीच. रोज रात्री नऊला फोन किणकिणायचा, ‘आज डोकं कसं आहे?’ चांगल्या दिवशीसुद्धा हात आपसूक कानशिलाकडे जायचा. जिथं काही नव्हतं तिथं मी चाचपायला लागले. तत्त्वार्थसूत्रात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितलेत, त्यातला एक वेदनेचा. दुखण्याचंच चिंतन करत राहणं. मग मी तीन महिने करत होते ते काय? आम्ही आलोचनाही करतो, प्रतिक्रमणही करतो, म्हणजे नोंद ठेवणं आम्हाला परकं नाही. पण तिथं आठवायचं ते सोडण्यासाठी. एकदा सांगितलं की पान मिटलं. अ‍ॅपला पान मिटणं ठाऊक नाही. सलग सात दिवस भरले की ते शाबासकी देतं. कसली शाबासकी? (आणि हे सगळं कुणाच्या वहीत जाऊन बसतं, ते आणखी वेगळंच.)

एवढ्यावर अ‍ॅप काढून टाकणार होते. पण डॉक्टरांना दाखवायचा तक्ता यांनी पाहिला. पंचवीस वर्षं मी ‘डोकं दुखतंय’ म्हटलं की “जरा पडून घे की,” एवढंच उत्तर यायचं. यांनी वाईट मनानं कधी म्हटलं नाही. त्या दिवशी चष्मा लावून लाल काड्या मोजत बसले, तीन महिन्यांत अकरा. “एवढ्या वेळा?” म्हणाले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. राग आला मला, खोटं कशाला बोलू. माझ्या तोंडच्या शब्दाला जे वजन नव्हतं ते फोनमधल्या काडीला आलं. पण दुसऱ्याला होणारं दुःख कळल्याशिवाय दया कशी करणार? मुंगी दिसली तरच पाय बाजूला पडतो ना.

अकरांपैकी पाच काड्या अष्टमी-चतुर्दशीच्या किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या होत्या. हे मात्र मला नको होतं. यांनी लगेच उपवास बंद म्हणून टाकलं. चातुर्मासाला आलेल्या माताजींना मी भीत भीत विचारलं. त्यांनी तक्ता पाहिला नाही. किती दिवस दुखतं, घरातलं कोण करतं, एवढंच विचारलं. मग म्हणाल्या, तप शक्तीप्रमाणे करायचं असतं, आणि भुकेपेक्षा चार घास कमी खाणं हेही तपच. अवमौदर्य मला पाठ होतं. स्वतःसाठी ते कमीपणाचं वाटायचं, एवढंच.

आता फोनची रात्रीची किणकिण बंद केलीय. डोकं उतरलं की दुसऱ्या दिवशी कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, एक टिंब देते. गोळी घेतली तर दोन. भिंत स्वयंपाकघरात आहे, त्यामुळे यांनाही दिसतं. येत्या चतुर्दशीला एकाशन करणार आहे. टिंब पडतं का बघायचं.