चोरीचे ऋण कोणाकडे फेडावे?



पतंजलींनी पाच यम सांगितले. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह. त्यांपैकी अस्तेयाचा अर्थ आपण सर्वजण जाणतो: जे आपले नाही ते घेऊ नये. पण ज्याच्या हातून घेतले गेले, आणि घेताना जो पकडला गेला, त्याने पुढे काय करावे? याविषयी आपण सत्संगात फारसे बोलत नाही. आज त्याविषयी बोलू या. कारण आपल्या अनेक परिवारांतील मुले-मुली आज इंग्लंडमध्ये शिकत आहेत, आणि तेथे या प्रश्नाला एक वेगळेच वळण लागते.

समजा, तुमच्या ओळखीची एक विद्यार्थिनी आहे. दुकानात स्वतः बिल करायच्या यंत्रावर तिने चार वस्तू स्कॅन केल्या आणि पाचवी तशीच पिशवीत टाकली. दारात सिक्युरिटी गार्डने थांबवले. वस्तू परत घेतली, नाव-पत्ता लिहून घेतला, "पुन्हा या दुकानात येऊ नका" असे सांगून सोडून दिले. पोलीस आले नाहीत. काही दिवसांनी टपालाने एक पत्र येते. ते दुकानाचेही नसते, तर दुकानाच्या वतीने वसुली करणाऱ्या एका कंपनीचे असते. त्यात लिहिलेले असते की तुमच्या कृत्यामुळे दुकानाला झालेल्या खर्चापोटी इतके पौंड अमुक तारखेच्या आत भरा, नाहीतर कोर्टात जाऊ.

याला तेथे 'सिव्हिल रिकव्हरी' म्हणतात. वस्तू दुकानाला परत मिळालेली असते, तरीही मागणी शंभर-दीडशे पौंडांची असू शकते. पत्र वाचून ती मुलगी थरथरते. तिला वाटते, हा सरकारी दंड आहे. भरला नाही तर तुरुंग, व्हिसा रद्द, घरी फोन. ती कोणाला सांगत नाही. कोणाकडून तरी उसने घेऊन पैसे भरण्याच्या विचारात ती रात्र काढते.

साधकहो, येथे थांबून विवेक करायला हवा. तिच्या मनात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत: पश्चात्ताप आणि भीती. पश्चात्ताप माणसाला शुद्ध करतो. भीती त्याला फक्त घाईला लावते.

शंख आणि लिखित

महाभारताच्या शांतिपर्वात दोन भावांची कथा आहे. बाहुदा नदीच्या काठी शंख आणि लिखित हे दोन ऋषी आपापल्या आश्रमात राहत. एकदा लिखित थोरल्या भावाच्या आश्रमात गेला. शंख बाहेर गेला होता. लिखिताने झाडाची पिकलेली फळे तोडली आणि खात बसला. शंख परतला. त्याने विचारले, फळे कोठून आणलीस? लिखित हसत म्हणाला, येथूनच. शंख म्हणाला, न विचारता घेतलेस ही चोरी झाली. राजाकडे जा, केलेले सांग आणि दंड मागून घे.

लिखित सुद्युम्न राजाकडे गेला. राजाने त्याचे स्वागत केले आणि म्हटले, राजाला जसा दंड देण्याचा अधिकार आहे तसा क्षमा करण्याचाही आहे. पण लिखिताने दंडच मागितला. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याचे हात तोडले गेले. तो भावाकडे परत आला, तेव्हा शंख म्हणाला, माझा तुझ्यावर राग नाही. नदीवर जा, देवांचे, ऋषींचे, पितरांचे तर्पण कर. त्याने तसे केले आणि त्याला हात परत मिळाले. लिखिताने विचारले, तुमच्या तपाचे सामर्थ्य एवढे होते तर आधीच मला शुद्ध का केले नाही? शंख म्हणाला, दंड देणारा मी नव्हे.

या कथेतील शिक्षा आजच्या मनाला कठोर वाटते, आणि ती तशी आहेच. पण कथेतील एक गोष्ट नीट पाहा. फळे शंखाची होती. तरी तो म्हणाला नाही की माझ्या फळांच्या दहापट दे. ज्याचे नुकसान झाले त्याने दंडाचा अधिकार स्वतःच्या हातात घेतला नाही. दंड राजाकडे, शुद्धी नदीवर, आणि भावाच्या मनात राग नाही. तीन गोष्टी, तीन ठिकाणी.

तीन वेगळी खाती

मी कॉमर्सची विद्यार्थिनी आहे, म्हणून हे खात्यांच्या भाषेत सांगते. एका खात्यातील रक्कम दुसऱ्या खात्यात लिहिली तर हिशेब जुळत नाही. चोरीनंतर तीन खाती उघडतात.

पहिले खाते दंडाचे. तो समाजाचा, म्हणजे राज्याचा अधिकार आहे. इंग्लंडमध्ये चोरी हा १९६८ च्या थेफ्ट अ‍ॅक्टखाली गुन्हा आहे. तेथे दंड करू शकते ते न्यायालय किंवा कायद्याने अधिकार दिलेले पोलीस. खासगी कंपनीचे पत्र हा दंड नव्हे. ते पैसे न भरणे हा स्वतंत्र गुन्हा नाही, आणि ते पैसे भरले म्हणून फौजदारी कारवाई होणारच नाही असेही नाही.

दुसरे खाते भरपाईचे. ज्याचे जितके नुकसान झाले तितके त्याला परत करणे. खाल्लेल्या चॉकलेटची किंमत, फाडलेल्या वेष्टनामुळे विकता न येणारी वस्तू, तोडलेले सुरक्षेचे लेबल. हे खरे देणे आहे आणि ते साधकाने टाळू नये.

तिसरे खाते प्रायश्चित्ताचे. ते तुमचे आणि ईश्वराचे आहे. तेथे पौंड किंवा रुपये चालत नाहीत.

वसुलीच्या पत्रातील मागणी कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्या खात्यातली असते, पण ती पहिल्या खात्याचा वेश घेऊन येते आणि तिसऱ्या खात्यातल्या लाजेवर वसूल होते. म्हणून सावध राहायचे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मोफत सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या संस्थेने २००९ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये या पत्रांविरुद्ध अहवाल काढले. मे २०१२ मध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टात दोन तरुण मुलींविरुद्ध एका दुकानाचा असाच दावा चालला. मागणी प्रत्येकी १३७.५० पौंडांची होती. दुकानाचे म्हणणे, त्यांच्यामुळे सुरक्षा कर्मचाऱ्यांचा वेळ गेला. न्यायाधीशांनी दावा फेटाळला. कारण सरळ होते: चोर पकडणे हेच त्या कर्मचाऱ्यांचे काम. ते त्यासाठीच पगारावर होते, आणि त्या मुली आल्या नसत्या तरी तो पगार द्यावाच लागला असता. हिशेब शिकणाऱ्याला हे लगेच पटेल. जो खर्च तसाही होणारच होता, तो एका माणसाच्या नावे टाकता येत नाही.

हा निकाल काउंटी कोर्टाचा आहे. तो इतर न्यायालयांना बांधून ठेवत नाही. शिवाय प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांनी दुकानदाराला अशी ठरावीक रक्कम मागण्याचा अधिकार कायद्यानेच दिलेला आहे. त्यामुळे इंग्लंडचा सल्ला न्यू जर्सीतल्या भाच्याला देऊ नका.

पत्र आले तर काय करावे

प्रथम, त्या रात्री काहीही भरू नका. दहा मिनिटे शांत बसा, श्वासाकडे लक्ष द्या आणि मग पत्र पुन्हा वाचा. कोणी पाठवले आहे? कंपनीने की न्यायालयाने? किती मागितले आहे आणि कशापोटी? पाकिटासह पत्र जपून ठेवा.

दुसरे, एका माणसाला सांगा. इंग्लंडमध्ये असाल तर सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसकडे किंवा विद्यापीठाच्या स्टुडंट्स युनियनच्या सल्ला केंद्रात जा. तेथे पैसे लागत नाहीत. असे प्रसंग त्यांनी पुष्कळ पाहिले आहेत. ते तुमच्याकडे बोट दाखवणार नाहीत.

तिसरे, उत्तर द्यायचे ठरले तर ते सत्य आणि थोडके असू द्या. "मी घेतलेच नाही" असे खोटे लिहू नका. सत्याचा यम मोडून अस्तेयाचा यम दुरुस्त होत नाही. पण नेमके कोणते नुकसान झाले याचा तपशील मागणे हे खोटे बोलणे नव्हे, उद्धटपणाही नव्हे. तो तुमचा हक्क आहे. उत्तर पाठवण्यापूर्वी सल्लागाराला दाखवा. नुकसान खरे असेल तर तेवढे भरा आणि पावती घ्या.

चौथे, न्यायालयाचा खरा कागद आला तर तो कधीही बाजूला टाकू नका. काउंटी कोर्टाचा दावा हाती आल्यावर उत्तर द्यायला साधारण १४ दिवस मिळतात. दावा पोहोचल्याची पोच वेळेत दिली तर २८. उत्तर दिले नाही तर तुमचे म्हणणे न ऐकताच निकाल लागू शकतो. त्या निकालाची रक्कम एका महिन्यात भरली नाही तर त्याची नोंद सहा वर्षे राहते, आणि पुढे कर्ज किंवा भाड्याचे घर घेताना ती आडवी येते.

पाचवे, पोलिसांनी औपचारिक ताकीद, म्हणजे तेथला 'कॉशन' दिला असेल तर ती वेगळी बाब आहे. ब्रिटनच्या व्हिसाच्या अर्जात तिच्याविषयी विचारतात आणि तेथे खरेच सांगावे लागते. म्हणून अशा ताकिदीवर सही करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला मागा. पोलीस ठाण्यात तो मोफत मिळतो.

सहावे, दुकानाने येण्याची बंदी घातली असेल तर ती पाळा. ती बंदी दुकानाच्या हक्कातली आहे.

आपल्या येथेही

भारतातल्या मॉलमध्ये किंवा सुपरमार्केटमध्ये कोणी पकडले गेले आणि आतल्या खोलीत बसवून "दसपट भर, नाहीतर फोटो लावू" असे सांगितले गेले, तर तीच तीन खाती आठवा. वस्तूची किंमत देणे योग्य. दंड ठरवण्याचा अधिकार मॅनेजरला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये एक करुणेची तरतूद आहे: वस्तू पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची असेल, दोष पहिल्यांदाच सिद्ध झाला असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामाजिक सेवेची आहे. म्हणजे कायदाही आज म्हणतो: परत कर, आणि ज्या समाजाचे घेतलेस त्याची सेवा कर.

आई-वडिलांसाठी

कधीतरी रात्री उशिरा फोन येईल आणि पलीकडून फक्त रडणे ऐकू येईल. तेव्हा "लोक काय म्हणतील" हे वाक्य ओठांवर येऊ देऊ नका. आधी विचारा, "जेवलीस का?" मग सगळे ऐका. इंग्लंडच्या कायद्यात मुलाच्या अशा कृत्याची भरपाई केवळ पालक आहेत म्हणून आई-वडिलांवर येत नाही. तेव्हा घाबरून येथून पैसे पाठवण्याची घाई नको.

गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे की वयाच्या पंधराव्या वर्षी, भावावरचे सुमारे पंचवीस रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी, त्यांनी भावाच्याच कड्यातले सोने काढले. मन राहवेना. त्यांनी चिठ्ठी लिहून आजारी वडिलांच्या हातात दिली आणि शिक्षा मागितली. वडिलांच्या डोळ्यांतून पाणी आले. त्यांनी चिठ्ठी फाडली आणि पुन्हा पडून राहिले. रागाने जे झाले नसते ते त्या अश्रूंनी झाले. तुमचा मुलगा तुमच्यापुढे येऊन बोलला, तर चिठ्ठी तुमच्या हातात आली आहे असे समजा.

आणि ज्याला कोणालाच सांगता येत नाही, ज्याच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत आहेत, त्याने आत्ताच फोन उचलावा. भारतात टेलिमानस १४४१६, ब्रिटनमध्ये समॅरिटन्स ११६ १२३. कोणतीही चोरी एका जिवाच्या किमतीची नसते.

सुटका म्हणजे शुद्धी नव्हे

आता उलट बाजूही पाहू. "मागणी फेटाळता येते, म्हणजे मी सुटलो" असे कोणी समजू नये. कायद्याने दुसरे खाते कोरे केले, तरी तिसरे उघडेच राहते. दुकान मोठे आहे, त्याला काय फरक पडतो, हा विचारच चोरीचे मूळ आहे. त्या दुकानात आठ-आठ तास उभी राहणारी माणसे असतात. चोरांमुळे त्यांना शिव्या ऐकाव्या लागतात, कधी मारही खावा लागतो.

म्हणून प्रायश्चित्त करा. केलेल्या कृत्याला सौम्य नाव देऊ नका. "चुकून राहिले" म्हणू नका, "घेतले" म्हणा. घेण्यामागे काय होते ते शोधा: गरज, एकटेपणा, राग की केवळ मजा? गरज असेल तर मदत मागा. मागण्यात लाज नाही. एकटेपणा असेल तर सत्संगात या. पुन्हा पुन्हा हात जात असेल तर डॉक्टरांना दाखवा, तो आजारही असू शकतो. आणि जेवढी वेळ दुकानात घाबरून गेली, तेवढी दर आठवड्याला कोणाच्या तरी सेवेत द्या.

या आठवड्याचा संकल्प असा करू या: मी न दिलेले घेणार नाही. घेतले गेले असेल तर सत्य सांगेन, खरे देणे फेडीन, आणि भीतीने मागितलेले भीतीने देणार नाही. माझ्यासमोर कोणी चूक कबूल केली, तर मी शंखासारखा रागाविना ऐकेन.

सर्वांना सद्बुद्धी लाभो.

ॐ शांतिः शांतिः शांतिः