ऊसतोडीला जाणारा माणूस संत होऊ शकतो का?



येत्या १ नोव्हेंबरला ख्रिस्तसभा सर्व संतांचा सण साजरा करील. त्याच सुमारास आपल्या पाड्यांवर मुकादमाच्या गाड्या येऊ लागतात. दिवाळी सरली की दारांना कड्या लागतात. भांडीकुंडी, कोंबड्या, लहान मुले असे सगळे गाडीत बसते आणि माणसे ऊसतोडीला निघतात, कुणी गुजरातेत, कुणी पश्चिम महाराष्ट्रात. काही होळीला परततात, काही हंगाम संपल्यावरच. सर्व संतांच्या सणाला आपल्या चर्चमध्ये निम्मी जागा रिकामी दिसते ती यामुळे.

मागच्या वर्षी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्यातला एक भाऊ आशीर्वाद घ्यायला आला. त्याने विचारले, “फादर, सहा महिने मिस्सा नाही, पापनिवेदन नाही. आम्ही तिकडं देवापासून लांबच पडतो ना?” मी घाईत होतो. म्हणालो, “जवळचं चर्च शोधा, रविवार चुकवू नका.” तो शांतपणे म्हणाला, “गाडी भरायला रात्री दोनला उठवतात, फादर. रविवार कोणता तेही कळत नाही.” आणि तो गेला.

माझे उत्तर मलाच टोचत राहिले. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यातील १२४८ वे कलम सांगते की, गंभीर कारणामुळे मिस्साला जाणे शक्य नसेल तर एकट्याने, कुटुंबाने किंवा काही कुटुंबांनी एकत्र येऊन प्रार्थनेत काही वेळ घालवावा. म्हणजे मी त्याला नियमसुद्धा अर्धाच सांगितला होता. पण त्याचा खरा प्रश्न नियमाचा नव्हताच. ज्याच्याजवळ वेळ नाही, शिक्षण नाही, चर्च नाही, अशा माणसाला पवित्र होता येते का, हे तो विचारत होता.

आपण संतांकडे बहुतेक वेळा नवस घेऊन जातो. मूल आजारी पडले, विहिरीला पाणी लागले नाही, मुलीचे लग्न जमेना, की मेणबत्ती लावतो. त्यात गैर काही नाही. संत आपल्यासाठी विनवणी करतात ही आपली श्रद्धा आहे. परंतु नवस फेडला की आपला त्यांच्याशी संबंध संपतो. ते कोणत्या वाटेने गेले हे आपण विचारत नाही. ‘ते संत होते, आपण साधी माणसे’ असे म्हणून मोकळे होतो. म्हणून आज तीन संतजनांची वाट थोडी जवळून पाहू.

पहिले आपल्या महाराष्ट्राचे, वसईचे संत गोन्सालो गार्सिया. सोळाव्या शतकाच्या मध्याला त्यांचा जन्म झाला. कोवळ्या वयात ते येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून राबले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची फार इच्छा होती. तो मिळाला नाही. मग त्यांनी व्यापार केला आणि त्यात जम बसवला. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना बंधू म्हणून स्वीकारले. ते धर्मगुरू कधीच झाले नाहीत. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर ते पुन्हा जपानला गेले ते दुभाषी म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रुसावर मारण्यात आले, त्यांत ते होते. त्या २६ मध्ये बारा वर्षांचा एक मुलगाही होता. १६२७ मध्ये गोन्सालोंना धन्य घोषित केले गेले आणि १८६२ मध्ये संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

आपल्याला यातला क्रूस आठवतो. मला मात्र आधीची वर्षे महत्त्वाची वाटतात. ज्या दारातून जायचे होते ते दार बंद झाले. मोठेपणाचे पद नव्हते. हाती होती ती एक भाषा. एकाचे बोलणे दुसऱ्यापर्यंत इमानाने पोहोचवायचे, त्यात आपले काही मिसळायचे नाही, हे काम ते करीत राहिले. क्रुसावर जाण्याची ताकद त्यांना एका सकाळी मिळाली असे मानणे मला जड जाते.

दुसरे गोव्याच्या बाणावलीचे संत जोसेफ वाझ. डच राजवटीत श्रीलंकेतील कॅथलिकांना धर्मगुरू उरले नव्हते. १६८७ मध्ये ते तिथे लपून गेले, तेही मजुराच्या वेशात. झगा नाही, चर्च नाही. तमिळ आणि सिंहली भाषा शिकून ते लोकांत मिसळले. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली तेव्हा टाकून दिलेल्या रोग्यांची त्यांनी स्वतः शुश्रूषा केली. १७११ मध्ये ते देवाघरी गेले आणि २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. मजुराचे कपडे देवाला परके नाहीत, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

आता मूळ प्रश्न. माणूस पवित्र होतो तो स्वतःच्या कष्टाने की देवाच्या कृपेने? पाचव्या शतकात पेलागियस नावाच्या साधूची शिकवण अशी होती की, माणसाने मनावर घेतले तर तो स्वतःच्या बळावर पापमुक्त जगू शकतो. संत ऑगस्टीनने याला विरोध केला आणि ख्रिस्तसभेने ही शिकवण नाकारली. का नाकारली? कारण तसे असते तर ज्याला सवड, शांतता आणि शिक्षण आहे तोच पवित्र झाला असता आणि त्याला गर्वही झाला असता. उलट कुणी म्हणेल, सगळे देवच करतो, मग आपण कशाला धडपडावे? संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण अशी की, देवाची कृपा माणसाचा स्वभाव मोडून टाकत नाही, त्याला पूर्णत्वाला नेते. म्हणजे आपला वाटा उरतोच.

हे आपल्याला पुस्तकाशिवायही कळते. पाऊस आपण पाडीत नाही. पण बांध घातला नाही, तण काढले नाही, तर पाऊस पडूनही ज्वारी हाती लागत नाही. ज्याचे रान डोंगरउतारावर दगडाचे आहे, त्याच्याकडून काळ्या रानाइतके पीक देव मागत नाही. आपल्या रानात जेवढे पिकेल तेवढे प्रामाणिकपणे पिकवणे, एवढाच आपला वाटा. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्ट सांगितले की पवित्रतेचे पाचारण धर्मगुरू आणि सिस्टर यांनाच नाही, प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीला आपापल्या स्थितीत आहे. ‘आपापल्या स्थितीत’ यात उसाचा फडही आला.

पण इथे एक धोका आहे. ‘सोसा, देव बघतो आहे’ असे सांगून मजुराला गप्प करणे सोपे असते. उचल डोक्यावर बसते, हिशेब कळत नाही, आजारपणात खाडे धरले जातात. हे निमूटपणे सोसणे म्हणजे पवित्रता असे मी सांगू लागलो, तर ते पाप माझे ठरेल. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातील धन्य राणी मारिया यांनी हे दाखवून दिले. उदयनगर भागात गरीब आदिवासी शेतकरी सावकाराच्या पाशातून सुटावेत म्हणून या सिस्टर झटल्या. त्यामुळे ज्यांचे नुकसान झाले त्यांनी २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासात त्यांची हत्या करवली. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. २०१७ मध्ये इंदूर येथे राणी मारिया यांना धन्य घोषित केले गेले, तेव्हा पश्चात्ताप झालेला तो माणूस तिथे हजर होता. अन्यायाला अन्याय म्हणणे आणि अन्याय करणाऱ्याचा द्वेष न करणे या दोन्ही गोष्टी त्या एकाच घरात दिसतात. यातली एकच धरली तर वाट चुकते.

तेव्हा यंदा निघणाऱ्यांना माझे सांगणे असे. रविवार कोणता हे कळावे म्हणून चर्चच्या दारात छोटी कॅलेंडरे ठेवली आहेत. प्रत्येक कोयत्याने एक घेऊन जावे. आठवड्यातून एकदा कोपीवर चार घरांनी एकत्र बसावे, प्रभूची प्रार्थना आणि जपमाळेचे एक दशक म्हणावे. आपल्यात ज्याला वाचता येते, गुजराती किंवा मराठी नीट समजते, त्याने दुसऱ्याचा हिशेब वाचून द्यावा, दवाखान्यात त्याच्या बाजूने बोलावे. गोन्सालो हेच करीत होते. हिशेब चुकीचा असेल तर सगळ्यांनी मिळून बोलावे. आणि जो गावी राहील त्याने शेजारच्या म्हाताऱ्यांना दिवसातून एकदा हाक मारावी.

त्या भावाला मला उत्तर द्यायचे राहून गेले होते. होळीला तो परतला तेव्हा मी त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, तळावर एका परक्या बाईला रात्री कळा लागल्या, तेव्हा त्याच्या बायकोने पहाटेपर्यंत तिचा हात धरून ठेवला. दोघांचा तो दिवस खाडा धरला गेला. “त्या आठवड्यात प्रार्थना राहिली, फादर,” असे तो ओशाळून म्हणाला.

मी त्याला म्हणालो, “भाऊ, राहिली नाही.”

प्रभू तुम्हांला सुखरूप नेवो आणि सुखरूप परत आणो.

आपला ख्रिस्तात,
तुमचे धर्मगुरू