तोच तो, की तो नव्हेच?

पंखा बिघडला की माणूस इलेक्ट्रिशियनला बोलावतो, नळ बिघडला की प्लंबरला बोलावतो. पण घरी जुळवलेला कॉम्प्युटर बिघडला की तो तत्त्वज्ञ होतो. निदान माझे तरी तसे झाले. २०२४ च्या दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या घरातल्या एका पत्र्याच्या डब्याने मला जो प्रश्न घातला, त्याचे उत्तर अथेन्सच्या पंडितांनाही नीट देता आले नव्हते. आणि त्या पंडितांना दसऱ्याच्या आत उत्तर द्या असा आग्रह करणारी आई नव्हती.

हा कॉम्प्युटर अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. २०११ साली त्यांनी तो आणला. आणला म्हणजे तयार आणला नाही. बँकेत तीस वर्षे दुसऱ्यांच्या नोटा मोजलेला माणूस तयार वस्तू विकत घेत नसतो. डोंबिवलीहून तीन शनिवार आम्ही दोघे लॅमिंग्टन रोडला गेलो. त्या रस्त्याचे सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारले तर दुकानदार तुम्हाला भाव जास्त सांगतो. पाच दुकानांतून भाव काढून, एकाकडून मदरबोर्ड, दुसऱ्याकडून हार्ड डिस्क, तिसऱ्याकडून कॅबिनेट, अशी ती वरात लोकलच्या गर्दीतून घरी आली. त्या दिवसापासून अण्णा त्यावर घरखर्चाचा हिशेब लिहीत आणि दर दसऱ्याला आई त्यावर झेंडूचे फूल आणि अक्षता वाही. "ह्यांचा कॉम्प्युटर" हे त्याचे नाव पडले. २०१८ साली अण्णा गेले, तरी नाव तेच राहिले.

आता कबुलीजबाब. पुढच्याच वर्षी माऊस गेला, तो बदलला. २०१४ च्या पावसाळ्यात एसएमपीएसने, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याने, धूर सोडून प्राण सोडला, तो बदलला. मग मॉनिटर. २०१९ मध्ये हार्ड डिस्क कुरकुरू लागली, तेव्हा तिच्यातला अक्षर न् अक्षर नव्या डिस्कवर उतरवून घेतला आणि तिला निवृत्त केले. दर वेळी आई विचारी, "काय झालं रे ह्यांच्या कॉम्प्युटरला?" आणि दर वेळी मी सांगे, "काही नाही, दुरुस्त केला." 'बदलला' हा शब्द मी तेरा वर्षांत एकदाही उच्चारला नाही. हे खोटे बोलणे होते की नाही, याचा विचार करायची पाळी माझ्यावर तोवर आली नव्हती.

ती चिरंजीवांनी आणली. ते इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत, आणि त्यांच्या अभ्यासाला हा कॉम्प्युटर पुरेना. त्यांनी मदरबोर्ड बदलायचा ठरवला. मदरबोर्ड बदलला की जुना प्रोसेसर त्यावर बसत नाही, म्हणून तोही. आणि जुनी रॅमही चालत नाही, म्हणून तीही. एका शर्टासाठी पँट, बूट आणि शेवटी लग्न करण्यासारखा हा प्रकार. अण्णांच्या हातचे आता काय उरले? कॅबिनेट.

रविवारी सकाळी चिरंजीवांनी सगळे जोडले, बटण दाबले. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळा. अशा वेळी घरात संशयाचे राजकारण सुरू होते. मला संशय जुन्या वस्तूंचा, चिरंजीवांना संशय माझ्या पिढीचा, आणि सौभाग्यवतींना संशय धुळीचा. रॅम काढून तिची पिवळी टोके खोडरबरने घासली. हा उपाय आपल्याकडे कुठल्याही कॉम्प्युटरला चालतो, जसा कुठल्याही पोटदुखीला ओवा. पण रॅम नवीकोरी होती, तिला काय घासणार? शेवटी दुपारी कळले की प्रोसेसरला वीज देणारी आठ खुंट्यांची वेगळी वायर असते. जुन्या बोर्डाला तिच्यातल्या चारच लागत. नव्याचा खाचा डावीकडे वरच्या कोपऱ्यात, पंख्याच्या आडोशाला लपलेला. चिरंजीवांनी तिथे काहीच जोडले नव्हते. म्हणजे मेंदूला रक्त न देता माणूस का बोलत नाही, याची आम्ही चार तास चर्चा केली.

वायर जोडली. पडदा उजळला, आणि थेट बायॉसच्या पानावर जाऊन थांबला. डिस्क दिसते आहे, नाव बरोबर आहे, पण तिच्यावरून यंत्र सुरू व्हायला तयार नाही. डिस्क गेली असे मी मनात म्हटले. डिस्क गेली म्हणजे अण्णांचे हिशेब गेले. दुसरी प्रत कुठेतरी असावी हे मला दर दिवाळीत सुचे आणि दर पाडव्याला मी ते विसरे. रात्री मला झोप आली नाही.

झोप न येणाऱ्या माणसाला पुस्तके आठवतात. प्लूटार्कने लिहिले आहे, की थीसियस ज्या तीस वल्ह्यांच्या जहाजातून परत आला ते अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवले. फळी कुजली की ती काढून नवी बसवीत. होता होता पंडितांमध्ये वाद पेटला, की हे तेच जहाज का? पुढे सतराव्या शतकात हॉब्जने त्यात तेल ओतले. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून त्यांचे दुसरे जहाज बांधले, तर खरे कुठले? हे वाचताना मी पूर्वी म्हटले होते, की कुजक्या फळ्या जमवून ठेवील असा वेडा कोण असेल? अंथरुणात उताणा पडलो असताना माझी नजर माळ्याकडे गेली आणि मी उठून बसलो.

आमच्या माळ्यावर अण्णांचा सगळा कॉम्प्युटर होता. मराठी मध्यमवर्गीय घरातून काही बाहेर जात नाही, ते फक्त वर जाते. मेलेला एसएमपीएस, निवृत्त हार्ड डिस्क, पुठ्ठ्याच्या मूळ खोक्यांसकट. मदरबोर्डही सकाळीच तिथे रवाना झाला होता.

सोमवारी संध्याकाळी चिरंजीवांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरले, त्यावर पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर जुना मदरबोर्ड, जुना प्रोसेसर, जुनी रॅम. चालता एसएमपीएस घरात एकच, तेव्हा तो नव्यातून काढून जुन्याला लावला. देह दोन, प्राण एक. नवी डिस्क जोडली, बटण नव्हतेच म्हणून दोन खुंट्यांना स्क्रूड्रायव्हर टेकवला, आणि टेबलावरचे ते भूत चालू झाले! डिस्क ठणठणीत. मग चिरंजीवांनी निदान केले. या डिस्कची वाटणी करणारी नोंदवही १९८३ च्या चालीची आहे, तिला एमबीआर म्हणतात. नव्या बोर्डाला सकाळी उठताना यूईएफआय नावाचीच पद्धत समजते, आणि तो एमबीआर वाचून उठायला तयार नाही. डिस्क चांगली, बोर्ड चांगला, फक्त दोघांची मोडी आणि देवनागरी. नोंदवही नव्या चालीत लिहून देण्याची सोय विंडोजमध्येच आहे. जुन्या बोर्डावर असतानाच चिरंजीवांनी ती आज्ञा दिली आणि अर्ध्या मिनिटात काम झाले. सासरी पाठवण्याआधी माहेरीच दोन रीती शिकवाव्यात तसे.

इथे खरे तर आटपायला हवे होते. पण चिरंजीवांना हुक्की आली की जुनी हार्ड डिस्कही लावून बघू. आता टेबलावर एसएमपीएस सोडला तर सगळे २०११ चे होते. हॉब्जसाहेबांचे दुसरे जहाज! यंत्र एफ-वन दाबा म्हणून अडून बसले, कारण घड्याळाचा सेल नव्हता. सेल कुठे गेला? सौभाग्यवतींनी तो रविवारीच काढून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याला लावला होता. एफ-वन दाबले. हार्ड डिस्क कुरकुरली, आणि पडद्यावर अण्णांनी लावलेला आईचा महाबळेश्वरचा फोटो आला. कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०११.

त्या यंत्राच्या हिशेबाने अण्णा अजून शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाणार होते.

आई मागे येऊन केव्हा उभी राहिली कळले नाही. "हा कुठला रे?" तिने विचारले. "आणि मग तो डब्यातला कुणाचा?"

मी घसा खाकरला. मिलिंद राजाला नागसेनाने विचारले होते, आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणाला आणि शेवटी कबूल झाला, की या सगळ्यांच्या जुळणीला दिलेले रथ हे नुसते नाव. पुरीला २०१५ साली जगन्नाथाच्या नव्या मूर्ती झाल्या, तेव्हा जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवणाऱ्या सेवकांच्या डोळ्यांना पट्टी होती. चिरंजीवांनी डिस्क हलवली तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते, तरी आठ खुंट्या दिसल्या नाहीत. विंडोजच्या परवान्याचे कलम तर याहून सोपे: कॉम्प्युटरबरोबर आलेला परवाना असेल, तर मदरबोर्ड बदलला की साधारणपणे कॉम्प्युटर नवा धरायचा. हे सगळे मला ठाऊक होते. आईला मी म्हणालो, "आई, मी तुला दर वेळी दुरुस्त केला म्हणायचो ना, ते बदललेलं असायचं. एकेक करून सगळंच."

आई रागावली नाही. खुर्ची ओढून बसली. "ह्यांचा हिशेब आहे का यात? २०१२ च्या गणपतीतला काढ. माझ्या भावाला मुलाच्या फीसाठी बाराशे दिले होते. ह्यांनी कुठे लिहिलेत बघायचे आहेत मला. सहा वर्षं विचारलं, दाखवले नाहीत कधी."

काढला. सप्टेंबर २०१२. फुले, नारळ, गुरुजी, वीजबिल. आणि खाली: 'किरकोळ, १२००'.

"किरकोळ!" आई म्हणाली. "माझा भाऊ किरकोळ!" मग बराच वेळ ती त्या ओळीकडे बघत राहिली.

चिरंजीवांनी तेवढ्यात नव्या चालीची डिस्क नव्या बोर्डाला लावली, प्राण इकडचा तिकडे केला, आणि कॅबिनेट मुकाट्याने चालू झाले. "आजी, तीच फाईल यातही आहे," ते म्हणाले.

"यातही किरकोळच लिहिलंय?"

"हो, आजी. किरकोळच."

"मग तोच आहे," आई म्हणाली आणि उठली.

दसऱ्याला फूल कॅबिनेटला वाहिले. पुठ्ठ्यावरचे सामान मी माळ्यावर चढवत होतो तेव्हा तिने आणखी एक फूल माझ्या हातात दिले आणि सुनेला वजनकाट्यातला सेल काढून द्यायला सांगितले.